ईडलिंबावरची भावंडं

लिंबाच्या कोवळ्या पानावर पाखराची शीट दिसली तर ती लगेच पुसू नये. आधी नीट बघावी. काळपट तपकिरी रंग, मध्ये पांढरा डाग, वर ओलसर चकाकी. माझ्या नर्सरीत येणारं गिऱ्हाईक बोट दाखवून म्हणतं, "ताई, एवढं पान पुसून द्या." मी काडीने हलकेच टोचते. ती शीट डोकं उचलते आणि डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर काढते. मग वास येतो, अर्धा लिंबाचा, अर्धा नासलेल्या लोण्याचा. गिऱ्हाईक मागे सरकतं आणि रोप होतं तिथे ठेवून देतं.

म्हणून पंचवीसएक वर्षं माझा दिवस सुरवंट वेचण्याने सुरू होतो. चहाच्या आधी. डब्यात थोडं साबणाचं पाणी घ्यायचं आणि लिंबाच्या वाफ्यातून एका बाजूने निघायचं. पुढे ह्याच किड्याचं फुलपाखरू होतं हे मला ठाऊक होतं, पण त्याच्या सौंदर्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. पंख फुटण्याआधी तो माझा माल खातो, एवढीच आमची ओळख.

नर्सरी खालापूर तालुक्यात, कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. ती मला कोणी दिली नाही. नवरा साजगावच्या एका कारखान्यात होता. एका सकाळी तो डबा घेऊन गेला आणि तसाच भरलेला डबा घेऊन परत आला, कारण फाटकाला कुलूप होतं. तो दुसरं काम शोधत फिरायचा तेव्हा मी माहेरून, कोंडाण्याहून, आईच्या ईडलिंबाच्या बिया आणल्या. शेजारपाजारच्या घरांतून दुधाच्या रिकाम्या पिशव्या गोळा केल्या, पेटत्या उदबत्तीने त्यांना खाली भोकं पाडली आणि त्यात बिया लावल्या. ईडलिंबाचं रोप दणकट असतं. त्याच्या बुंध्यावर कागदी लिंबाचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, भरला की खालची मुळं ईडलिंबाची आणि वरची फळं कागदी लिंबाची. खालच्या भागाला आम्ही खुंट म्हणतो. डोळा भरायला मी दुसऱ्यांचं बघून बघून शिकले. पहिल्या वर्षी बहुतेक डोळे वाळले. दुसऱ्या वर्षी जगले. त्यानंतर मी जेवढी लिंबाची रोपं विकली, त्यातलं प्रत्येक आईच्या त्या एका झाडाच्या खुंटावर उभं आहे. मुंबई-पुण्याच्या कितीतरी बंगल्यांत ते गेलंय आणि तिथे कोणाला त्याचं काही ठाऊक नाही. ठाऊक असायचं कारणही नाही.

माझा राग नाकावर असतो असं रस्त्यावरचे सगळे म्हणतात. ते खरं आहे. गाडीतून उतरतानाच "हे तर दादरला निम्म्या किमतीत मिळतं" म्हणणाऱ्याला मी गाडीत परत बसवते. "मग दादरलाच जा की. पेट्रोल कशाला जाळलंत?" मी भाव सोडत नाही. गिऱ्हाईक फारच चिवट असलं तर वर तुळशीचं रोप देते, पण आकडा हलत नाही. आकडा एकदा हलला की समोरच्याला कळतं की तो हलतो. मग तो धरून ओढतच राहतो. हे मला कोणी शिकवलं नाही. रस्त्याच्या कडेला बसून कळलं.

पण एका जागी मी घासाघीस केली नाही, आणि तिथेच फसले.

आई गेल्यावर वर्षभरात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा एकुलता थोरला भाऊ. रसायनीच्या एका कंपनीत होता, आता निवृत्त होऊन मोहोपाड्याला राहतो. म्हणाला, "बाय, कर्जतला यायचंय. हक्कसोडाची सही हाय." आमच्याकडे हे असंच होतं. बाप गेला, आई गेली, की बहिणींना ऑफिसात नेतात, बहिणी आपला वाटा सोडल्याची सही करतात, भाऊ साडी घेतो, बाहेर कुठेतरी चहा-वडा होतो आणि सगळे आपापल्या घरी जातात. सही न करणारी बहीण म्हणजे हावरी. ज्या वयात मी अनोळखी माणसाशी कुंडीवरून अर्धा तास भांडत होते, त्याच वयात मी दादाला एकच गोष्ट विचारली.

"आणि आईचं झाड रं?"

"झाड तुझंच हाय. लिंबं तूच न्यायची, बिया तूच न्यायच्या. मी काय त्या काट्यांत हात घालणार हाय?"

मी सही केली. रक्ताच्या माणसाशी बोली करायची नसते असं मला वाटलं. साडी हिरवी होती. अजून नेसलेली नाही.

त्यानंतर बरीच वर्षं मी पावसाळा सरता सरता कोंडाण्याला जायची, पिकलेली ईडलिंबं पोत्यात भरून आणायची. घराला कुलूप असायचं. मागच्या बाजूला झाड एकटं उभं. दादाने शब्द पाळला होता, असं तेव्हा वाटलं.

मग दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एक जोडपं नर्सरीत आलं. साहेब साठीचे, पांढऱ्या टोपीतले, आणि त्यांची बायको, गळ्यात कॅमेरा. तिला मी मॅडम म्हणू लागले ते अजून म्हणते. त्यांनी कर्जतकडे जागा घेतली होती आणि मॅडमना तिथे फुलपाखरांची बाग हवी होती. साहेब दर विचारत होते, मी दर सांगत होते, ते हसत होते, मी हसत नव्हते. एवढ्यात मॅडम लिंबाच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसल्या.

"अगंबाई! किती गोड आहे हा!"

मी बघितलं तर सकाळी माझ्या नजरेतून सुटलेला एक सुरवंट. मी डबा घ्यायला वळले.

"नाही, नाही, मारू नका! हा लिंबाळीचा आहे. थांबा, फोटो घेते."

"मॅडम, तो माझं रोप खातोय."

"मग हे रोप मी घेते."

"सुरवंटासकट?"

"सुरवंटासकट."

माझ्या आयुष्यात सुरवंटाला पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळालं. मला हसू आलं आणि त्यामुळे मी जरा बोलती झाले. मॅडमनी मला मोबाइलवर एकेक फोटो दाखवला. ही लिंबाळी, काळ्यावर पिवळे ठिपके, मागे तांबडा डाग, शेपटी नाही. ही उन्हातली, खालची, नर्सरीतल्या रोपांवर हमखास येणारी. हा बहुरूपी, काळा, पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. आणि हा मोठा, काळ्या पंखांवर फिकी निळाई, नीलवंत. "हे सगळे पॅपिलिओ," त्या म्हणाल्या. "पॅपिलिओ म्हणजे त्यांचं घराणं समजा. वेगवेगळ्या जाती, पण भावंडं. आणि बहुतेकांच्या पिल्लांना लिंबाच्याच जातीचं झाड लागतं. लिंबू, पपनस, कढीपत्ता."

"म्हणजे भावंडांत झाडावरून भांडणं," मी म्हटलं.

"नाही हो. एक उन्हात अंडी घालतं, एक सावलीत. आपापली फांदी धरतात."

बहुरूपीचं त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त पटलं. त्याची मादी कधी नरासारखी दिसते, तर कधी अंगावर तांबडे डाग घेऊन दुसऱ्याच एका विषारी फुलपाखराचा वेश करते. पाखरं त्या विषारीला तोंड लावत नाहीत, म्हणून हिलाही लावत नाहीत. आत ती साधीच असते. रस्त्याच्या कडेला धंदा करणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी तोंडाची तिखट झाले ती काही जन्मापासून नव्हे.

"ह्यांच्यात एकाला बुद्धाचं नाव आहे," मॅडम म्हणाल्या. "हिरव्या पट्ट्याचा. पण तो इथे नाही, खाली दक्षिणेकडे. त्याच्या पिल्लांना तिरफळाचं झाड लागतं."

"नाव बुद्धाचं आणि खातो तिरफळ?" मी म्हटलं. "जीभ बधिर होत नाही त्याची?" आमच्याकडे विहारातल्या वंदनेला बसायचं आणि नंतर माशाच्या कालवणात तिरफळ घालायचं, त्यामुळे मला ते फार परकं वाटलं नाही.

साहेब लगेच म्हणाले, "मग चार तिरफळं लावू या." मी तिरफळ विकू शकले असते. पण म्हटलं, झाड लावलं म्हणून तो इतक्या लांबून येणार नाही. साहेबांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. ही बाई खरं बोलते, असं त्यांनी मनात टिपलं असावं. पुढे ते त्यांना उपयोगी पडलं.

मग त्यांनी जागेचे फोटो काढून दाखवले. कुठे काय लावायचं ते मला सांगायचं होतं. मागे डोंगर, पुढे गवत, घर पाडून उरलेलं जोतं. आणि एक झाड, बुंध्यावर तांबड्या रंगाची फुली.

"हे काटेरी आहे, काढायचं आहे. तिथे पोहण्याचा तलाव येतोय."

मी फोन हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. बुंध्यात, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, एक आडवी खाच होती. आईने कपडे वाळत घालायला तिथे तार बांधली होती. झाड जाड होत गेलं, साल तारेवर चढली आणि तार आत गेली. बाहेर फक्त तिची दोन टोकं राहिली. लहानपणी मी त्या टोकाला दप्तर अडकवायची.

"ही जागा कोणाकडून घेतली?"

"मोहोपाड्याला राहतात. कंपनीत होते. सज्जन माणूस, एका बैठकीत व्यवहार झाला."

एका बैठकीत. मी खुर्चीवर बसले. मला काय वाटलं ते सांगण्यापेक्षा मी काय केलं ते सांगते, कारण चूक तिथे झाली. मी म्हटलं, "साहेब, हे झाड काढू नका. हे ईडलिंबू आहे, नीलवंताला असंच जुनं, सावलीतलं झाड लागतं. झाड ठेवलंत तर बाकी सगळी रोपं मी तुम्हाला निम्म्या भावाने देते. लावूनही देते."

मघापासून हा माणूस प्रत्येक कुंडीवर घासत होता आणि मी इंचभर हलले नव्हते. आता न मागता निम्म्यावर आले. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे नाही. मी स्वतः दिवसातून कितीदा तरी गिऱ्हाइकाला बघू म्हणते. पण त्या दिवशी मी तो हो समजले.

ते गेल्यावर मी दादाला फोन लावला.

"दादा, कोंडाण्याची जागा विकलीस?"

"तुला कोण बोललं?"

"घेणाऱ्याने सांगितलं. माझ्याच दारात येऊन. दादा, एक शब्द तरी टाकायचास रं."

"तू सही केलेली हाय, बाय."

"मी जागेचं इचारत नाय. झाडाचं इचारतेय."

"झाड काय उचलून बाजूला ठेवता येतं? जागेबरोबर झाड जातं. लोकांना रोज झाडं इकतेस, तुला मी सांगू?"

"तूच बोललेलास, झाड तुझंच हाय."

"मग न्यायचंस ना! इतकी वर्सं काय करत व्हतीस?"

मी फोन ठेवला. मला सगळ्यात जास्त राग ह्याचा आला की त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं. पंचवीस वर्षं मी त्या झाडाच्या बियांवर नर्सरी चालवली, पण त्याची एक गुटी कधी बांधली नाही. बियांचं रोप म्हणजे लेकरू, ते थोडं वेगळंच होतं. गुटी म्हणजे त्याच झाडाची फांदी, तेच झाड. झाड तिथे आहेच, मग कशाला, असं वाटत राहिलं.

पावसाळ्यात मी साहेबांच्या जागेवर रोपं लावायला गेले. लोखंडी फाटक, त्याला कुलूप, माझ्यासाठी ते उघडायला एक रखवालदार. लहानपणी वरच्या कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणारे लोक आमच्या अंगणात पाणी पिऊन जायचे. आता मला आत जायला नाव सांगावं लागलं. मी जास्वंद लावली, पेंटास लावला, कुंपणाला कढीपत्ता लावला, आणि ईडलिंबावर गुट्या बांधल्या. पेन्सिलीएवढी फांदी बघायची, बोटभर साल गोल काढायची, भोवती ओलं शेवाळ दाबायचं, प्लॅस्टिक गुंडाळून दोन्हीकडून सुतळी आवळायची. काटे हाताला ओळखत नव्हते, रक्त काढत होते. साहेब छत्रीखालून बघत होते. "ताईंचा आमच्यावर विश्वास नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "विश्वास आहे, साहेब. गुट्या सवयीने बांधतेय." दोघांनाही हे खोटं असल्याचं माहीत होतं.

त्या पावसाळ्यात मी पुन्हा पुन्हा तिकडे गेले. कारण काढून गेले. खत, छाटणी, काहीही. मॅडम बहुतेकदा एकट्याच असायच्या आणि आम्ही दोघी झाडाखाली उभ्या राहायचो. मला वाटतं, सुरवंट शोधण्यात मी त्यांच्यापेक्षा पटाईत होते. मी आयुष्यभर ते मारायला शोधले होते, एवढाच फरक. उन्हाकडच्या खालच्या फुटीवर लिंबाळीची पिवळसर गोल अंडी, एका पानाला एकच. जरा वर बहुरूपीचे हिरवे सुरवंट. आणि आतल्या सावलीत, जुन्या जून पानांच्या मागे, नीलवंताचे. ते सगळे लहानपणी पाखराची शीट असतात आणि मोठेपणी हिरवे होतात. आपापली फांदी धरतात, हे मॅडम खरं बोलल्या होत्या. एका फांदीला कोष लटकलेला होता. शेपटीकडून चिकटलेला आणि कंबरेभोवती एक बारीक धागा घेऊन मागे रेललेला, खांबावर पट्टा बांधून चढलेल्या वायरमनसारखा.

आई नीलवंताला पाहुणा म्हणायची. तो अंगणात आला की घाईने एक फेरी मारून जायचा, बसायचा नाही, म्हणून. झाडावर सुरवंट दिसले आणि आम्ही काठी घेतली की ती म्हणायची, "खाऊ दे गं. एवढं मोठं झाड हाय, किती खातील?" मला तेव्हा ते चांगुलपणाचं वाटायचं. नर्सरी सुरू केल्यावर कळलं की तो हिशेब होता. मोठ्या झाडाला दहा सुरवंट परवडतात. वीतभर रोपाला एकही परवडत नाही, तो दोन दिवसांत त्याचा खराटा करतो. मी सगळं आयुष्य वीतभर रोपांत काढलं. दादाचंही तसंच असेल. मोहोपाड्यातला फ्लॅट, पोराचं लग्न, गुडघ्याचं दुखणं. हे मला समजतं. समजलं म्हणून राग जात नाही.

एकदा मी मॅडमना सरळ विचारलं, "झाड राहील ना?"

त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. "मी सांगितलंय त्यांना. पण ताई, तुम्ही पहिल्याच दिवशी भाव सोडलात. तेव्हाच त्यांना कळलं की तुम्हाला झाड हवंय. आता ते म्हणतात, झाड ठेवायचं तर तलाव सरकवावा लागेल, सरकवायचा खर्च ताई देतील का विचार."

"काय म्हणालात तुम्ही?"

"मी काही म्हणाले नाही. तुम्हाला विचारलंही नसतं."

मी नर्सरीत येऊन त्या संध्याकाळी कोणावर तरी ओरडले. कोणावर ते आठवत नाही. नवऱ्याने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि तो बाहेर जाऊन बसला.

नवरात्रात मॅडमचा फोन आला. मागे यंत्राचा आवाज येत होता. "ताई, जेसीबी आलाय. मी थोडा वेळ थांबवलाय. येता का?"

मी सुरी, गोणपाट आणि पिशव्या घेऊन गेले. गुट्यांच्या प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसत होती. जरा लवकर होतं, पण आता बघायला वेळ नव्हता. एकेक फांदी गुटीच्या खाली कापत गेले. मॅडम कोष असलेल्या काड्या गोळा करत होत्या. जेसीबीवाला कर्जतकडचाच, बिडी ओढत उभा होता.

"मावशी, उरका. मला अजून एक खड्डा हाय मोहोपाड्याला."

"तुझ्या आईचं झाड असतं तर असं बोलला असतास का रं?"

त्याने बिडी टाकली. झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माझ्या आयशीचं आंब्याचं व्हतं," तो म्हणाला. "हमरस्त्यात गेलं." आणि जेसीबीची बादली वर करून, तिच्यात चढून तो मला वरच्या फांद्या काढून देऊ लागला. काटे त्यालाही लागले. त्याने शिवी दिली, पण फांदी खाली हळूच दिली.

साहेब आले. "ताई, ह्याच्या जागी आपण दुसरं लिंबू लावू. तुमच्याच नर्सरीतून घेऊ." ते मनापासून म्हणाले, ह्यात मला शंका नाही. आणि घेतलंही त्यांनी. तेही आईच्याच खुंटावरचं होतं. मी ते पूर्ण भावाने विकलं. त्या क्षणी मात्र मला राग यायला हवा होता आणि तो आला नाही. हात ठणकत होते आणि घरी जाऊन पडावंसं वाटत होतं, एवढंच. झाड पडताना मी बघितलं नाही. आवाज आला. नंतर बुंध्याजवळ गेले तर तार दिसली, लाकडाच्या आत, गंजून काळी झालेली. ओढून बघितली. निघाली नाही.

गुट्यांपैकी तीन जगल्या. मी त्या नर्सरीत मागे, शेडच्या आत, माझ्या खुर्चीजवळ ठेवल्या. पाटी लावली नाही. कोणी विचारलं तर म्हणते, विकायला नाहीत.

दादा आला तो होळीनंतर. आधी फोन नाही, काही नाही. स्कूटर रस्त्याकडेच्या झाडाखाली लावली, हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला. पार म्हातारा दिसला. मी बस म्हटलं नाही, तो बसला.

"झाड गेलं म्हणतात."

"गेलं."

"तू फांद्या आणल्यास म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"जेसीबीवाला आमच्या बिल्डिंगच्या मागं खड्डा काढायला आलेला. बोलला, एक मावशी व्हती, लय तोंडाळ. मी वळखलं."

मी रोपांना पाणी घालत राहिले. त्याने हेल्मेट मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "एक दे ना मला. बाल्कनीत ठेवीन. ऊन येतं सकाळचं."

"इकायची नायत."

"मी इकत कुठं मागतोय?"

"म्हणजे फुकट? तुला सगळं फुकटच लागतं काय रं?"

तो हसला नाही. रागावलाही नाही. मला वाटलं होतं, तो रागावेल, मग मी बोलेन, सगळं बोलेन, हिरव्या साडीपासून फोनपर्यंत. त्यासाठी मी वर्षभर वाक्यं जुळवून ठेवली होती. पण तो खुर्चीतून वाकून सगळ्यात जवळच्या गुटीकडे बघत होता.

"हिच्यावर कावळा शिटलाय बघ," म्हणाला, आणि अंगठ्याने पुसायला गेला.

शीट डोकं उचलून शिंगं काढून उभी राहिली. दादाने हात झटकला, "आयला!" आणि मग त्याने तोच अंगठा नाकाजवळ नेला. तसाच धरून ठेवला. आम्ही दोघं तो वास ओळखत होतो. लहानपणी दादा हे सुरवंट काडीने चिडवून माझ्या नाकापुढे धरायचा आणि मी रडत आईकडे जायची.

"अजून येतात व्हय हे," तो म्हणाला.

"येतात. रोज वेचते. ही तीन सोडून."

"खाऊन टाकतील की."

"जास्त झाले तर कुंपणाच्या कढीपत्त्यावर नेऊन सोडते. एखादा ठेवते."

त्याने मान हलवली. हा व्यवहार त्याला पटला असावा. मग पुन्हा म्हणाला, "मग हे नेऊ?"

"आता नाय हलवायचं. तो खातोय अजून. कोष करील, त्यातून निघेल, मगच. पुढच्या महिन्यात ये."

"पुढच्या महिन्यात देशील?"

"बघू," मी म्हटलं.

दादानेही आयुष्यात खरेदी-विक्री केली आहे, निदान एकदा तरी. त्याला बघूचा अर्थ माहीत आहे. तरी तो पुढच्या महिन्यात आला. स्कूटर त्याच झाडाखाली, हेल्मेट हातात, त्याच खुर्चीत. लिंबाळी तोवर उडून गेली होती, पण पानावर दोन नवी अंडी होती, आणि ती मीच त्याला दाखवली. त्याने चष्मा काढून जवळून बघितली आणि म्हणाला, "म्हणजे अजून महिना."

मी चहा ठेवायला आत गेले.